रामोनचा घोडा

अमेरिकेतल्या शुगर लँडच्या भारतीय किराणा दुकानात बिलाच्या रांगेत कांचन उभी होती. तिच्यामागे सत्तरीचे एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी बोलत होते.

"बाबा, हिंगाच्या तीन डब्या कशाला?"

"मी परत उरुग्वेला चाललोय, आन्या. तिकीट बुक केलं."

"व्हॉट? मागच्याच महिन्यात तिथून आलो आपण! आणि त्या गावात आहे काय? गवत, गाई आणि घोडे."

"आणि रामोन."

"पहिल्या दिवशी तूच म्हणालास, इथे मांसाशिवाय काही मिळत नाही, उद्याच परत जाऊ."

"मग त्याने माझ्यासाठी निखाऱ्यावर अख्खा भोपळा भाजला ना! आता मी त्याला भरीत करून घालणार."

"बाबा, त्या गुराख्याला फक्त स्पॅनिश येतं!"

"येऊ दे की. तो स्पॅनिश बोलतो, मी मराठी. तुझी आई गेल्यापासून इतक्या गप्पा मी कुणाशी मारल्या नव्हत्या."

तेवढ्यात कांचनचा नंबर आला.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली आणि पुढचं ऐकायला त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"किती दिवस राहणार?" मुलीने विचारलं.

"महिनाभर. रामोन मला घोड्यावर बसायला शिकवणार आहे."

"या वयात? नो वे!"

"अगं, घोडाही म्हातारा आहे. रामोननेच सांगितलं."

"ते तुला कळलं कसं?"

"त्याने घोड्याकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे दाखवलं, आणि पोट धरधरून हसला."