समोरच्या प्लॅटफॉर्मवरून

अभिमानाचा विषय निघालाच आहे तर ऐका. आमच्या बाबांना एकाच गोष्टीचा अभिमान: जपानातल्या भूकंपाच्या वर्षी बाकीचे देशी पळाले, हे कावासाकीतच थांबले. आपण मूळचे कुठले, ते मात्र लपवतात.

मी युनिव्हर्सिटी सोडल्यावर मला सुधारायला म्हणून ते एका अमेरिकन कादंबरीकार बाईंच्या कार्यक्रमाला घेऊन गेले. बाई अ‍ॅपलेशियाच्या डोंगरातल्या. म्हणाल्या, "माझ्या बोलण्याला कॉलेजात हसायचे. मी कॉलेज सोडलं, बोलणं नाही." बाबांचा चेहरा पडला. मग बाईंची आई दरीपलीकडून पोरांना हाक मारायची, तशी हाक त्यांनी मारून दाखवली. जपानी मंडळींनी हळूच टाळ्या वाजवल्या.

पुस्तकावर सही करताना बाईंनी बाबांना विचारलं, "तुमच्याकडे डोंगर आहेत?"

"नाही, आम्ही पुण्याचे."

वेल्ह्याच्या डोंगरातला माणूस हा. आत्या सांगते, यांनी अशीच लांब हाक मारली, कुकारा घातला की पलीकडच्या डोंगरावरची गुरं माघारी वळायची. मी तो कधीच ऐकलेला नाही.

"खोटं का बोललात?" स्टेशनवर मी विचारलं.

"तुला नाही कळायचं."

मला कामावर जायचं होतं. चिडून समोरच्या प्लॅटफॉर्मवर गेलो. मधे फक्त रूळ. तिकडून बाबांनी माझी छत्री वर केली, दुसरा हात तोंडाशी नेला आणि छाती भरून श्वास घेतला. मी जागीच थांबलो.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. हात खाली आला.

माझा फोन वाजला. मेसेज होता, "छत्री राहिली."