बाथरूममधून बेपत्ता

नाव ओळखपत्राप्रमाणे. शाळेत आणि शेजारीपाजारी मला बाटलीमास्तर म्हणतात. वय ४६ वर्षे, धंदा नोकरी, शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर. राहणार पाण्याच्या टाकीमागची इमारत, दुसरा मजला, जिन्यासमोरचे दार. आज शनिवारी सकाळी ११.१० वाजता आपल्या पायांनी ठाण्यात येऊन समक्ष सांगतो, ते असे.

बाटलीमास्तर हे नाव प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवरून पडले आहे. मी पीत नाही. हवालदारसाहेब दोनदा माझ्या तोंडाजवळ नाक आणून गेले, म्हणून हे आधीच लिहून घ्यावे.

तक्रार माणूस बेपत्ता झाल्याची आहे. बेपत्ता इसम माझे वडील, धंदा ग्रिल आणि गेट रंगवणे. गेल्या बुधवारपासून ते आमच्या बाथरूममध्ये दिसत नाहीत. वय विचारल्यावर मी म्हणालो, "गेले तेव्हाचं सांगू, की आत्ताचं?" तेव्हा हवालदारांनी पेन खाली ठेवले. वडील तीन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी हृदयविकाराने वारले आहेत. वारलेला माणूस पुन्हा बेपत्ता होत नाही, असे हवालदारांचे म्हणणे पडले. हेच मी परवापासून आईला समजावतो आहे. माझ्याच्याने झाले नाही. साहेबांना जमत असेल तर खुशाल घरी यावे.

आमचे बाथरूम चार फूट बाय सहा फूट आहे. भिंतीवर गॅसचा गिझर आणि वर छताजवळ लोखंडी ग्रिलचा झरोका. थंडीच्या सुरुवातीला त्याची काच फुटली. आई एकाहत्तर वर्षांची, तिला अंघोळीच्या वेळी गार वारा लागायचा. काच बसवायला सांगून मी विसरलो. शेवटी तिनेच स्टुलावर चढून त्या भोकात बाबांचा कामावरचा जुना शर्ट कोंबला.

शर्टावर रेड ऑक्साइडचे डाग आहेत. लोखंडाला गंज लागू नये म्हणून रंगाच्या आधी जो तांबडा थर देतात, ते रेड ऑक्साइड. खरं तर तोही लोखंडाचाच ऑक्साइड, गंजाचा सख्खा भाऊ. बाबा जन्मभर भावाला भावाच्या अंगावर घालत होते. मी हे त्यांना एकदा सांगितले, तर म्हणाले, "तुझ्या बाटलीत शिकवण आहे, माझ्या डब्यात काम आहे." आमचे फारसे जमायचे नाही.

शर्ट कोंबल्यावर पंधरा दिवसांत आईची अंघोळ लांबू लागली. आतून बोलणे ऐकू यायचे, मधूनच हसणे. पत्नीने दारातून विचारले, "आई, कुणाशी बोलताय?" तर म्हणाली, "कुणाशी म्हणजे? घरच्या माणसाशी." बाबा रोज ६.४० च्या सुमारास पालथ्या बादलीवर येऊन बसतात, अंगात तोच शर्ट असतो आणि पाणी फार कढत काढतेस म्हणून कुरकुर करतात, असे तिने आम्हाला चहाच्या वेळी सांगितले. ती बाहेर यायची तेव्हा तिचं डोकं दुखत असायचं, पण गाल लाल आणि चेहरा असा की बोलायची सोय नाही. मी म्हणालो, वयाचा परिणाम. माझेही डोके दुखायचे. मी चष्म्याचा नंबर बदलून घेतला.

एकोणीस वर्षे मी प्रयोगशाळेच्या खिडक्या उघडतो आहे. 'हवा खेळती ठेवा' ही भिंतीवरची पाटी माझ्या हस्ताक्षरात आहे. हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखे होते, तरी नमूद करावे.

मंगळवारी सकाळी ७.०५ वाजता आत बादली आपटल्याचा आवाज झाला आणि बोलणे थांबले. मी कडी तोडली. आई फरशीवर पडली होती, तोंडावर हसू तसेच होते. आम्ही दोघांनी तिला उचलून गॅलरीत आणले. दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला, रक्त तपासले. डॉक्टर म्हणाल्या, कार्बन मोनॉक्साइड. अजून पाच मिनिटं उशीर झाला असता तर यांना वाचवता आलं नसतं, असेही म्हणाल्या.

हवालदारांनी विचारले, "म्हणजे आपण नाकातून सोडतो तोच ना?" नाही. तो डायऑक्साइड, सोड्याच्या बाटलीतही असतो. हा मोनो. बंद जागेत गॅसला जळायला हवा कमी पडली की होतो. रंग नाही, वास नाही. रक्ताला असा चिकटतो की ऑक्सिजनला बसायला जागाच देत नाही. डोके दुखते, भास होतात आणि मग माणूस जातो. हवालदार म्हणाले, "मग आरोपी तोच. हल्ली राहतो कुठे?" मी सांगितले की झरोका उघडल्याबरोबर फरार झाला.

झरोका बुधवारी गिझरवाल्याने उघडला. त्याने काजळीने भरलेला गिझर साफ केला, शर्ट ओढून काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, "विजेचा गिझर येईपर्यंत हा चालवा, पण भोक उघडं ठेवून. पुन्हा बुजवलंत तर मला बोलवू नका, खांदेकरी बोलवा." त्याच्यावर माझी काही तक्रार नाही. आईची आहे. त्यानेच बाबांना हाकलले, असे तिचे म्हणणे आहे.

आई गुरुवारी घरी आली, बाथरूममध्ये गेली आणि दहा मिनिटांत बाहेर आली. "कुठे गेले?" म्हणून तिने मला विचारले. मी तिला कार्बन, ऑक्सिजन सगळे पाटीवर काढून दाखवले. ती म्हणाली, "एवढा चालताबोलता माणूस घरातून गेला आणि तू साधी वर्दी देत नाहीस? बाप ना तो तुझा?" तक्रारीचा नंबर आणल्याशिवाय ती घास घेणार नाही. नाही तर शर्ट परत दे म्हणते. मी तो आधी गादीखाली लपवला, तिने शोधून काढला. मग शाळेत आम्लांच्या कपाटात ठेवला.

तुम्ही स्वतः वडिलांना पाहिले काय, असे विचारल्यावरून सांगतो, की होय. तीन वेळा, मंगळवारच्या आधी, माझ्या अंघोळीच्या वेळी. आईला आणि पत्नीला मी हे सांगितले नव्हते. तिसऱ्या वेळी बाबा बादलीवर बसून झरोक्याच्या ग्रिलकडे बघत होते. ते ग्रिल गंजले आहे. वारण्याच्या आठवड्यात ते म्हणाले होते, "माझा हात आता वर जात नाही, तेवढं खरवडून रेड ऑक्साइड मार." मी म्हणालो होतो, रविवारी मारतो. त्या दिवशी बादलीवरून त्यांनी मला विचारले, "रविवार झाला का रे?" मी तोंडावर पाणी मारत राहिलो. माझ्या डोळ्यांत साबण गेला होता.

काल शुक्रवारी शाळेतून शर्ट मी घरी आणला होता. आज सकाळी ६.३५ वाजता तो झरोक्यात पुन्हा कोंबलेला होता. आईने कोंबला नाही. मी कोंबला. गिझर चालू केला, दार लावून घेतले आणि बादलीसमोर फरशीवर बसलो. मला सगळे माहीत होते, मोनोसुद्धा. मला फक्त एवढेच सांगायचे होते, की बाबा, झाला रविवार, मारतो. अकरा मिनिटे बसलो. बाबा आले नाहीत. गिझर साफ झाला होता ना. तुटलेल्या कडीवर मी तार गुंडाळली होती, ती पत्नीने लाथेने तोडली आणि मला बनियनला धरून बाहेर ओढले. आधी तिने गॅस बंद केला, मग माझ्या मुस्काटात मारली. म्हणाली, "दोन-दोन वेडी मी एकटी सांभाळू? हा शर्ट या घरात राहणार नाही." त्याबद्दल पत्नीविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

उद्या रविवार आहे. रेड ऑक्साइडचा डबा आणि खरवडायला पत्रा मी येतानाच घेतला आहे, तो बाकावर पिशवीत आहे. दरोडेखोराचे हत्यार नाही, हवालदारांनी उघडून पाहिले आहे.

सोबत आणलेला शर्ट, अर्ध्या बाह्यांचा, खाकी, खिशावर व डाव्या बाहीवर तांबडे डाग, मी ठाण्यात जमा करत आहे. कागदात बांधून लाख लावावी आणि आईसाठी मला कसला तरी नंबर लिहून द्यावा. आई मागायला आली तरी शर्ट देऊ नये. ती रडेल, तरी देऊ नये.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला, मी सांगितला तसाच उतरला आहे. शर्टाच्या ओळीपाशी थांबून त्यांनी विचारले, "आणि तुम्ही स्वतः मागायला आलात तर?" मी आलो तर मुळीच देऊ नये, हे त्याच ओळीखाली लिहून घेतले आणि मी सही केली.