कारण बरोबर नाही

आजच्या सभेचे अध्यक्ष, आपल्या लॅबचे संस्थापक आणि आजवर प्रत्येक कार्यक्रमात माझ्या कानाशी येऊन 'रुपराव, थोडक्यात' असं पुटपुटणारे आदरणीय डॉ. विश्वनाथ सर, रामटेकहून खास आलेल्या प्रमुख पाहुण्या, प्राचार्या अरुंधती मॅडम, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती आपली चारुलता मॅडम, धंतोलीच्या मुख्य लॅबपासून गोंदिया-गडचिरोलीच्या केंद्रांपर्यंतचे माझे सहकारी, आणि मागच्या रांगेत जेवणाच्या वासाकडे तोंड करून बसलेल्या बंधू-भगिनींनो,

सर, आज थोडक्यात होणार नाही. तुम्ही अध्यक्ष आहात, त्यामुळे मधेच उठूनही जाता येणार नाही तुम्हाला. असा योग पुन्हा येत नसतो.

मी रुपराव, इथलं प्रशासन बघतो. म्हणजे रजा, हजेरी, नेमणुका आणि कोणाच्या खुर्चीचं चाक निघालं तर तेसुद्धा. कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही. मग संगणक विभागाच्या प्रमुखाला निरोप द्यायला मलाच का उभं केलं? तर या इमारतीत चारुलताशी सगळ्यात जास्त भांडलेला माणूस मी आहे. आणि इतकं भांडल्यावर माणसाची ओळख पक्की होते, हे घरोघरचे नवरा-बायको सांगतील.

अरुंधती मॅडम, तुमच्या कॉलेजात सोमवारी ती शिकवायला रुजू होणार. तुम्ही कोणाला घेऊन चालल्या आहात हे तुम्हाला कळायला हवं, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

आपल्याकडे माणूस रक्त धंतोलीत देतो आणि रिपोर्ट गावी जाऊन मोबाइलवर बघतो. हे रिपोर्ट ज्या मशिनींवर राहतात त्या आपल्या इमारतीत नाहीत. दूर कुठेतरी भाड्यानं घेतल्या आहेत, त्यालाच क्लाउड म्हणतात. आता भाड्याची का असेना, खोली म्हटली की दार कोणतं उघडं ठेवायचं, किल्ली कोणाकडे द्यायची, हे आपल्यालाच ठरवावं लागतं ना? तसं तिथंही ठरवावं लागतं. पूर्वी हे सगळं हातानं व्हायचं. कोणीही यायचं आणि म्हणायचं, 'भाऊ, जरा एवढं करून दे ना बे.' की झालं. करणारा करून मोकळा, सांगणारा चहा पाजून मोकळा. काय केलं, कशासाठी केलं, कोणाला ठाऊक! नागपूरचा माणूस दिलदार, नाही म्हणणं त्याच्या जिवावर येतं.

मग एक दिवस काटोलच्या सिंधूताई काउंटरवर आल्या. समोरच्या गल्लीतल्या हॉस्पिटलात ऑपरेशन ठरलेलं, आणि रिपोर्ट बघितल्याशिवाय डॉक्टर त्यांना आत घेईनात. त्या माझ्यापुढे मोबाइल धरून म्हणाल्या, 'भाऊ, हे रिपोर्ट दिसते न् गायब होते. अजून दाबलं का मंग दिसते. काहून गा?' मी दाबलं, दिसला. पुन्हा दाबलं, गायब. शेवटी रिपोर्ट कागदावर छापला आणि स्वतः पळत जाऊन देऊन आलो. झालं असं होतं, की दोन मशिनी अगदी सारख्या असायला पाहिजेत, त्यातली एक कोणीतरी हातानं नीट केली होती आणि दुसरी विसरला होता. एक म्हणे रिपोर्ट आहे, दुसरी म्हणे कुठला रिपोर्ट!

चारुलता तेव्हा नवीनच आली होती. बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली, 'आजपासून मशिनीला कोणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही.'

आम्ही हसलो. हात न लावता काम कसं होतं, मंत्र म्हणून? पण पोरीनं खरंच तसं केलं. किती मशिनी पाहिजेत, कोणतं दार उघडं, कोणतं बंद, कोणाकडे कुठली किल्ली, सगळं लिहून काढलं. ते लिहिलेलं वाचूनच तिकडचं सगळं आपोआप उभं राहतं, आणि शंभरदा उभं केलं तरी तसंच. काही बदलायचं असेल तर मशीन नाही, लिहिलेलं बदलायचं. खाली कारण लिहायचं. ते दुसऱ्या माणसानं वाचायचं, पटलं तर मंजूर करायचं, मगच बदल होणार. लहान-मोठा सगळ्यांना हाच नियम.

आणि इथंच आमचं वाजलं! मी एका नवीन कारकुनासाठी रिपोर्ट बघायची परवानगी मागितली, कारणात लिहिलं, 'लवकर पाहिजे.' अर्ज परत. शेरा काय, तर 'काकाजी, ही घाई झाली, कारण नाही.' मी तणतणत वर गेलो. म्हटलं, 'अवं, मी तुया बापाच्या वयाचा, अन् मले कारण इचारते?' तर म्हणते कशी, 'बाबांनी मागितलं असतं तर त्यांनाही विचारलं असतं.' खाली आलो आणि कारण लिहिलं.

असं करता करता सगळं मार्गी लागलं. रिपोर्ट गायब होणं थांबलं, लोकांच्या चकरा थांबल्या. आणि मग तिला तुमच्या कॉलेजचं बोलावणं आलं. रामटेक म्हणजे तिचं माहेर. शिकवायची हौस लहानपणापासूनची. पण रुजू व्हायची तारीख ठरलेली, ती टळली की संधी गेली. ती राजीनामा घेऊन सरांकडे गेली. सर म्हणाले, 'तू गेलीस तर हे कोण बघणार? नाही सोडत.' पुन्हा गेली, पुन्हा नाही. सर, मान हलवू नका, मी बाहेरच बसलो होतो. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, 'सर, मी नसले तरी चालतं हे दाखवलं तर सोडाल?' सर म्हणाले, 'दाखव.'

ती म्हणाली, 'मग सगळं पाडू आणि लिहिलेल्यावरून नव्यानं उभं करू. पोरं करतील, मी हात लावणार नाही.' सरांनी वरून एक अट घातली: त्या दिवशी चारुलताला फोनसुद्धा करायचा नाही. पोरं अडली तर परीक्षा नापास.

आता विचार करा. पाचएक वर्षांचं काम, रामटेकची नोकरी, सगळं त्या एका रविवारावर. केंद्रांना सुट्टी दिली, रिपोर्टांची प्रत वेगळी जपून ठेवली. तिच्या विभागातले अश्विन आणि नूपुर कामाला बसले. नूपुर म्हणजे आपली ती दुसऱ्या रांगेतली, एवढीशी, चारुलताच्याच हाताखाली तयार झालेली. आणि मला ड्यूटी काय? तर चारुलताला इमारतीबाहेर ठेवणं. तिचा फोन माझ्या खिशात. कैदी आणि शिपाई, दोघं सदरला तर्री-पोहे खायला गेलो.

ती दर थोड्या वेळानं विचारायची, 'काकाजी, वाजला का?' मी खिशातून काढून दाखवायचो. नाही वाजला. 'चार्जिंग आहे ना?' आहे. 'रेंज?' आहे वं बाई, सगळं आहे. पोहे थंड झाले. मी म्हटलं, 'काहून नाही खाऊन राहिली? फोन नाही वाजला म्हणजे पास होऊन राहिली ना तू!' तर मान खाली घालून म्हणाली, 'हो. पण एकदाही आठवण नाही आली का हो त्यांना माझी?'

बघतो तर डोळ्यांत पाणी. मी काही विचारायच्या आत म्हणाली, 'तर्री तिखट आहे.' प्लेटला तिनं हातही लावलेला नव्हता. मंडळी, मी चार पोरींचा बाप आहे, मला कळत नाही होय? जे व्हावं म्हणून इतकी वर्षं झटली, तेच होत होतं आणि तेच तिला लागत होतं. मी म्हटलं, 'हो, तिखट आहे खरी.' आणि पाणी मागवलं.

दुपारी परतलो तर इकडे वेगळाच तमाशा. सगळं उभं झालं होतं, आधी होतं तसंच्या तसं. फक्त एका ठिकाणचे रिपोर्ट जात नव्हते, उमरेडच्या डॉक्टर बाबारावांच्या दवाखान्याचे. बाबाराव म्हणजे सरांचे कॉलेजपासूनचे दोस्त. त्यांचा सरांना फोन आला आणि सर तावातावानं खाली आले, 'बघा, मोडलं! लावा चारूला फोन!' आणि ही नूपुर, हिची उंची बघा, दारात आडवी उभी राहिली. 'सर, मॅडमना फोन करायचा नाही ही तुमचीच अट आहे. आणि काही मोडलेलं नाही. लिहिलेलं होतं तेवढं सगळं उभं राहिलं. उमरेडचं लिहिलेलंच नव्हतं. ते हातानं कोणी लावलं होतं?'

अश्विन छताकडे बघतोय. मी दाराशी, चारुलता माझ्या मागे. आणि आपले अध्यक्ष महाशय हळूच म्हणाले, 'मीच लावून घेतलं होतं. बाबारावला घाई होती.'

तर मंडळी, हात लावायचा नाही हा नियम एवढ्या वर्षांत मोडला कोणी, तर संस्थापकांनी! सगळ्यांच्या किल्ल्या जमा झाल्या होत्या, मालकाची तेवढी सरांच्या खिशात होती. हसा, हसा, सरांनी मला काल परवानगी दिली आहे. 'सांगा खुशाल' म्हणाले. मोठं मन लागतं याला.

मग सरांनी रीतसर अर्ज केला. कारण लिहिलं, 'अत्यंत आवश्यक.' नूपुरनं परत पाठवला. मग लिहिलं, 'बाबाराव माझा मित्र आहे.' पुन्हा परत. सर माझ्याकडे बघतात, मी भिंतीकडे. शेवटी सरांनी लिहिलं, 'उमरेडच्या पेशंटना रिपोर्टसाठी धंतोलीपर्यंत यावं लागू नये.' नूपुर म्हणाली, 'हे कारण आहे सर.' मंजूर! थोड्याच वेळात उमरेडला रिपोर्ट पोचले. सरांनी ती मालकाची किल्ली त्याच दिवशी जमा केली आणि राजीनाम्यावर सही केली. सर, तुमच्याविषयी माझ्या मनात आधीही आदर होता. त्या दिवशी आणखी वाढला, हे आज सगळ्यांसमोर सांगतो.

आता आजचं. आपल्याकडे सोडून जाणाऱ्याचं नाव त्या लिखाणातून काढावं लागतं. ते निघेपर्यंत मी कार्यमुक्तीचं पत्र देऊ शकत नाही, हा नियमही हिनंच माझ्याकडून करून घेतला. सकाळी चारुलतानं स्वतःचं नाव काढण्याचा अर्ज स्वतःच लिहिला. कारण लिहिलं, 'गरज उरली नाही.'

नूपुरनं परत पाठवला. शेरा लिहिला, 'कारण बरोबर नाही.'

चारुलता माझ्याकडे आली. 'काकाजी, तुम्ही सांगा ना हो तिला, आज तरी.' मी म्हटलं, 'मी काहून सांगू? नियम तुयाच हाय.' आणि पोरी, आता सगळ्यांसमोर सांगतो. त्या रविवारी फोन वाजला नाही, तो तुझी आठवण आली नाही म्हणून नव्हे. ही नूपुर दारात आडवी उभी होती म्हणून. नापास झाली असतीस तर तू इथंच राहिली असतीस, तिच्याजवळ. तिला ते नको होतं का? सगळ्यांत जास्त तिलाच हवं होतं. तरी उभी राहिली, कारण तुला रामटेकला जायचं होतं. मग आता 'गरज उरली नाही' असं कसं लिहितेस वं?

पत्र माझ्या खिशात आहे. त्याच खिशात, जिथं तुझा फोन होता. मी आभार मानतो, तोवर तू कारण दुरुस्त कर. हो, आत्ताच, मोबाइलवर. आम्ही थांबतो.

अरुंधती मॅडम, तुम्ही एवढ्या उन्हात आलात, आणि आमचं माणूस नेत असूनही आम्ही तुमच्यावर रागावलो नाही, तेव्हा तुमचे दुहेरी आभार. विश्वनाथ सर, स्वतःवरची थट्टा इतक्या शांतपणे ऐकून घेतलीत, तुमचे आभार मानायला शब्द... असो. केंद्रांवरची मंडळी लांबून आली, त्यांचे आभार. वंदनाताईंनी हॉल सजवला, त्यांचे आभार. आचारी मंडळींचे आभार जेवल्यावर मानू.

काय नूपुर? आला अर्ज? वाच. नाही, मोठ्यानं वाच, मागे ऐकू गेलं पाहिजे.

नाही वाचवत? बरं, आण इकडे. चष्मा लावतो.

नाव काढण्याचं कारण: 'माहेरी चालले.'

नूपुर, बरोबर आहे का? ... मंजूर म्हणते!

ये चारुलता, हे घे तुझं पत्र. माहेरी गेलेली पोर परत येते, हे या हॉलमधल्या कोणाला समजावून सांगायची गरज नाही. संत्र्याच्या बर्फीचा डबा अश्विनकडे आहे, तो विसरू नको. रडू नको वं, आज तर्री नाही जेवणात, बहाणा चालणार नाही.

आता मलाही पुढे बोलवत नाही. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, कोणाचा मान राहून गेला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि फारच खटकलं असेल तर परत पाठवा, दुरुस्त करून देईन. फक्त खाली कारण लिहा.

नमस्कार.