मंठ्याच्या बाजारात मी धरलेला पहिला माणूस

आज मी पोलिसात आहे, पण माझी पहिली धरपकड होमगार्ड असताना झाली, मंठ्याच्या आठवडी बाजारात. पोलीस भरतीची तयारी करून राह्यले होते, तेवढाच अनुभव म्हणून होमगार्डमधे गेल्ते. काय दिवस होते ते!

बाजारात एक माणूस रडत्या पोरीला ओढत चालला होता. पोरगी ओरडत होती, "मला न्हाई यायचं!" मी आडवी जाऊन त्याचा शर्ट धरला. "कोणाची पोरगी ही?"

"माझीच! फुगा घेतला न्हाई म्हणून रडून राह्यली."

मी पोरीला विचारलं, "हे कोण गं?"

ती फुगून म्हणाली, "मला न्हाई माहीत!"

मंग काय, गर्दीच जमली. मी शर्ट काही सोडला न्हाई. तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन तिची आई पळत आली. "अवो ताई, नवरा हाय माझा!"

लोक खो खो हसले. लाजेनं माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी हात जोडले, "चुकलं माझं, दादा."

तो चिडून काही बोलणार, तेवढ्यात बायकोच त्याला म्हणाली, "गप बसा तुम्ही. लेकरू रडताना अख्खा बाजार बघत होता. आडवी आली ती एकटी हीच."