काडी मी ओढली, माफी मागणार नाही

हॅलो?… कोण, सायराकान एजे?… अगं थांब, हात साबणानं माखलेत, फोन खांद्यावर धरते… हं, बोल. थोरल्या एजेचं धाकट्या बहिणीनं ऐकायलाच हवं.

…हो. पेटवली. काल मेळ्यात, भर गर्दीत, मीच पेटवली… अगं दुकान नाही गं! एक माळ. फक्त एक… चोरी कसली? आधी विकत घेतली, मग काडी ओढली.

…माझं ऐकशील की नाही? तुझ्या मालकाच्या मांडवात माझा फोटो. एवढा मोठा! खाली काय लिहिलंय, ‘कोचकोरच्या बुर्माकाननं हातानं वळलेले लोकरीचे मणी.’ आणि फोटोखाली लटकतंय काय? कारखान्यातलं प्लास्टिक! लांबून लोकरीसारखं दिसतं, बस… हो, हो… मी आधी हळूच सांगितलं त्यांना. म्हटलं, मेदेर बाइके, थोरल्या भावासारखे आहात म्हणून सांगते, हा माल माझा नाही. तर हसले. म्हणाले, शहरातल्या बायकांना काय कळतंय.

…मग कळवलं बायकांना! माझ्या कानातला लोकरीचा मणी काढला, तो जाळला. केस जळल्याचा वास, बोटात चुरगळली की राख. मग ती माळ धरली. टप टप वितळून गळायला लागली, एजे, काळा धूर नुसता! एक म्हातारी डोईच्या रुमालाचं टोक नाकाला लावून म्हणाली, हे मी नातीच्या गळ्यात घालत होते?…

…माफी? मी?… का मागू?… अगं ऐक ना. एक मणी वळायला गरम पाण्यात किती वेळ हात घालावा लागतो, तुला माहीत आहे. तूच शिकवलंस मला. आईच्या अंगणात, डिसेंबरात. बोटं भेगाळली तर तूच लोणी चोळायचीस… मग? विसरलीस?

…कोण खोकलं?

…एजे, शेजारी कोण आहे तुझ्या?… खोटं बोलू नकोस. फोन स्पीकरवर आहे ना?… अस्सं.

सलाम, मेदेर बाइके. बरं झालं, समोरच आहात… नाही, चिडले नाही. बोला तुम्ही… हं… हं… पुढच्या वर्षी मेळ्यात जागा मिळणार नाही? नको. रस्त्याच्या कडेला चादर अंथरून बसेन… कोण विकत घेईल? काल तुमच्याच मांडवातून सात जणी माझ्यामागे आल्या. पिशवी रिकामी घेऊन घरी आले… नाही, फोटोचे पैसे नकोत. फोटो उतरवा… उद्या नाही, बाइके. आज.

…काय म्हणालात?… परत म्हणा. मी माफी मागितली नाही तर हिला कामावरून काढणार?… भांडण माझ्याशी आहे. माझ्याशी करा. अकरा वर्षं तुमच्या काउंटरमागं उभी आहे ती, पायांच्या शिरा सुजल्यात तिच्या. तिला मध्ये घालता?… लाज नाही वाटत?

…एजे? ऐकलंस ना?… तू म्हणत असशील तर… तुझी नोकरी जात असेल तर मी… थांब, मागते मी. तुझ्यासाठी मागते. बाइके, मी…

…काय? मागू नको?… एजे, तू ओरडलीस?… त्यांच्यावर?

…हॅलो? कसला आवाज झाला?… हॅलो! एजे!

…अगं बाई, आहेस ना! गाड्यांचे आवाज येतायत. कुठं आहेस?… बाहेर? फुटपाथवर?… किल्ल्या काउंटरवर फेकल्यास?… तू?… अगं तू तर बाबांसमोरसुद्धा कधी मान वर केली नाहीस!

…रडतेयस की हसतेयस?… दोन्ही? असू दे.

…कोट आतच राहिला? एवढ्या थंडीत?… नाही, तशीच घरी जाऊ नकोस. का जाशील? कोट तुझा आहे. परत जा, दार उघड, खुंटीवरून काढ, अंगात घाल. बटणं सावकाश लाव. सगळी. ते बघत असले तर बघू देत… मी आहे ना. फोन बंद करू नकोस.

…गेलीस आत?… हं… हं…

…लावलीस सगळी बटणं?… मग ये आता. कोचकोरची गाडी पकड. मी पाणी गरम ठेवते.