दिगंबरकाकांनी अंगावर घेतलेले वीस दिवस

सुमनकाकू, नरसिंगशेठ, आणि चिक्कडपल्लीच्या या हॉलमध्ये कामधंदा सोडून आलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार.

मंगळवार, चार तारीख, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटं. मी नामपल्लीच्या ऑफिसात एका शाळेच्या दुरुस्तीचं बिल जुळवत होतो. सिमेंटच्या पावत्या डाव्या हाताला, मजुरांचे हजेरीपट उजव्या हाताला. फोन वाजला. काकू म्हणाल्या, "अवि, काका उठेनात रे." मी घड्याळ बघून वेळ लिहिली. काही घडलं की आधी वेळ लिहायची, हे काकांनीच शिकवलं होतं. वेळ लिहिली, आणि पुढे काय लिहायचं ते सुचेना.

मला चार माणसांत बोलायची सवय नाही. इंटरचं पहिलं वर्ष केलं, दुसरं सोडलं. शाळा तेलुगूत झाली, मराठी फक्त घरात. म्हणून हे लिहून आणलं आहे. ऱ्हस्व-दीर्घ तीनदा तपासलं. बोलताना ते कुणाला दिसणार नाही, मला माहीत आहे. तरी तपासलं.

ज्यांना आमचं काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेठची कंपनी सरकारी इमारतींची दुरुस्ती करते. जुन्या इमारतीत भिंत फोडल्यावर आत काय निघेल, ते आधी सांगता येत नाही. म्हणून काही कामांत सरकार म्हणतं, झालेला खर्च दाखवा, आम्ही तो भरून देऊ, वर ठरलेले टक्के देऊ. ऐकायला सोपं वाटतं ना? पण कोणता खर्च दाखवायचा आणि कोणता नाही, सगळी गोम तिथे आहे. दिगंबरकाका तीस वर्षं आमच्याकडे तेच ठरवत होते.

पहिल्याच महिन्यात मी एका बिलात बारा बिर्याण्या 'कामगारांचे जेवण' म्हणून लिहिल्या. त्या खरं तर पाहणीला आलेल्या साहेबांसाठी मागवल्या होत्या. काकांनी पावती चष्म्याजवळ नेली.

"अव्या, आपले गवंडी कधीपासून स्पेशल मटण खायला लागले रे? मला का नाही बोलावत?"

मी म्हणालो, "काका, सगळेच असं लिहितात."

"सगळे लिहितात. मग तपासणीवाला येतो, बिर्याणी कापतो, आणि तिच्याबरोबर शेजारचा खरा खर्चही कापतो. एक खोटी ओळ सापडली की बाकीच्या नव्वद ओळींवरचा विश्वास जातो. सरकार म्हणजे सासर वाटलं का तुला, रुसलं की मिळतं?"

काकू हसताहेत. हे त्यांनी घरीही ऐकलं असणार.

प्रत्येक पावतीला ते तीन प्रश्न विचारायचे. खर्च याच कामासाठी झाला का? शहाण्या माणसानं एवढेच पैसे दिले असते का? आणि कागद कुठे आहे? एक मिक्सर दोन कामांवर फिरला, तर त्याचं डिझेल तासांप्रमाणे वाटून लिहायचं. ऑफिसचं भाडं, वीज, आमचे पगार कुठल्याच एका कामाचे नसतात, ते सगळ्या कामांवर थोडे थोडे जातात. काम सुरू करताना फोडायचा नारळ मात्र त्यांनी कधी बिलात येऊ दिला नाही. "देव माझा, नारळ माझा," म्हणायचे आणि खिशातून पैसे काढायचे. खोबरं सगळ्यांत जास्त तेच खायचे, हेही खरं आहे.

मी या सगळ्यानं घाबरून गेलो. मुळात मी घाबरट आहे. दाराला कुलूप लावून दोनदा परत जाऊन बघतो. मला वाटायला लागलं, जितका कमी खर्च दाखवू तितके आपण सुरक्षित. यातूनच ती गोष्ट घडली, जी सांगायला मी आज उभा आहे.

गेल्या वर्षी एका सरकारी दवाखान्यात आमचं काम होतं. एक वॉर्ड रिकामा करून मिळायचा होता. तो वीस दिवस मिळाला नाही. वीस दिवस आमची परांची बाहेर उभी, तिचं भाडं चालू. यादय्या वॉचमन सामान राखत बसलेला, त्याची मजुरी चालू. शेवटचं बिल मी केलं आणि ते वीस दिवस गाळले. का? कारण काम झालं नव्हतं. न झालेल्या कामाचे पैसे मागितले तर तपासणीत धरतील, अशी भीती वाटली. शेवटच्या बिलाबरोबर आम्हाला एक कागद द्यावा लागतो, की यापुढे आमचं काही मागणं नाही. तोही मी जोडला. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, पट्टी होती. मी म्हणालो, "काका, सगळं बरोबर आहे." त्यांनी न वाचता सही केली. तीस वर्षांत तेवढी एकच सही न वाचता, माझ्या शब्दावर.

पैसे जमा झाले, तेव्हा शेठना कळलं. तो कागद दिल्यावर राहिलेले पैसे मागता येत नाहीत. शेठ, तुम्ही ओरडलात ते मला अजून ऐकू येतं. "किसने बनाया ये बिल? आज के आज निकालो उसको!"

काका म्हणाले, "दस्तखत मेरा है सेठ. काटना है तो मेरी तनखा में से काटो."

शेठ, बिल मी बनवलं होतं. त्यात ते वीस दिवस गाळलेत, हे काकांना माहीतच नव्हतं. मी तुमच्यापासून चार पावलांवर उभा होतो आणि गप्प राहिलो. नोकरी गेली असती तर मलकपेठच्या खोलीचं भाडं कुठून द्यायचं, एवढंच डोक्यात होतं. तुम्ही चौदा महिने समजत होतात की काकांची नजर गेली, म्हातारपणी चुकले. त्यांची नजर गेली नव्हती. चूक माझी होती.

काकू, नको, हातानं बस म्हणू नका. मला पूर्ण करू द्या.

मी काकांना म्हणालो होतो, माझ्या पगारातून कापू द्या. ते इराण्याकडे घेऊन गेले, एक चहा दोघांत सांगितला. म्हणाले, "परांची उभी होती का? होती. यादय्या बसला होता का? होता. कामासाठीच ना? मग तो खर्च झाला की नाही? न झालेला लिहिणं लबाडी. झालेला गाळणं म्हणजे काही इमानदारी नव्हे अव्या, तो नुसता भित्रेपणा. पैसे कुणीतरी भरतंच."

मी म्हणालो, "पण तुम्ही का भरायचे?"

ते म्हणाले, "तू शिकलास ना? शिकवण्याचा खर्च कुठल्या एका कामावर टाकतात का? तो सगळ्या कामांवर थोडा थोडा जातो. तू पुढे जेवढी बिलं करशील, तेवढ्यांतून वसूल होईल." आणि बशीतला चहा माझ्याकडे सरकवला.

त्यांच्यावर माझं किती प्रेम होतं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. तसा कागद कुठे करायचा, ते कुणी शिकवलं नव्हतं.

शेठ, मला ठेवायचं की काढायचं, ते उद्या ठरवा. आज हिशोब वाचतो आणि थांबतो. तो संपला की सगळ्यांनी काकांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहावं, एवढी विनंती.

परांचीचं भाडं, वीस दिवस: बावीस हजार.
यादय्याची मजुरी, वीस दिवस: बारा हजार.
एकूण बुडाले: चौतीस हजार.
काकांच्या पगारातून गेले, चौदा महिने: अठ्ठावीस हजार. हे मी काकूंना देणं लागतो.
शेठचे राहिले: सहा हजार. तेही माझ्याकडून घ्यावेत.
आज पाकिटात आणले, काकूंसाठी: पाच हजार.
माझ्याकडे बाकी: एकोणतीस हजार.