न सुटलेलं क्षेपणास्त्र

नाही पण मला सांगा, समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच त्याला द्यायचं उत्तर पाठ करून ठेवायचं, याला वादविवाद म्हणतात का? आमच्या गायखे सरांच्या मते म्हणतात. विषय काय, तर 'क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेवर देशाने अधिक खर्च करावा'. म्हणजे शत्रूचं क्षेपणास्त्र आलं की आपलं उडवून वरच्या वर पाडायचं, त्यासाठी आणखी पैसा द्यायचा की नाही? बाजूनं एकलहऱ्याचा हर्षल, ज्याचा आवाज माइकशिवाय सिन्नरपर्यंत जातो. विरुद्ध मी. मी, जिचं 'हजर' बाईंना ऐकू जात नाही म्हणून वर्गात बसूनसुद्धा गैरहजेरी लागते! एकदा, फक्त एकदा सगळ्यांसमोर नीट बोलायचं, एवढंच मनात होतं, म्हणून हो म्हटलं...

तर तुम्हाला सांगते, दोघांची भाषणं सरांनीच लिहिली. माझा मुद्दा असा, की क्षेपणास्त्र कुठून येणार, कधी येणार, हे आधीच ठाऊक असेल तर ती चाचणी कसली? हर्षल म्हणणार, चाचण्या यशस्वी झाल्यात, की मी उठून तेवढंच खोडायचं. सरावात बरोबर लागत होतं हो! तो सोडायचा, मी पाडायची. सर चष्मा सावरत, नाकातून, "तेजस्विनी, अचूक... अगदी अचूक."

आणि स्पर्धेत हर्षल नेमका तोच मुद्दा विसरला. गडबडला आणि स्वतःच्या मनानं म्हणाला, "पैसाच दिला नाय, तर चांगली चाचणी करणार कशी?" आता याला काय उत्तर द्यायचं? पण पाठांतर थांबतंय का? सुटलंच ते. "माझे मित्र म्हणतात, चाचण्या यशस्वी झाल्यात..."

हर्षल बसल्या जागेवरून, "मी कधी म्हणलो?"

सगळं सभागृह हसलं. दुसऱ्या बाकापर्यंत न पोचणारा माझा आवाज त्या दिवशी पार दाराशी उभ्या असलेल्या सुलाबाई शिपाईणीपर्यंत पोचला. आणि सरावात कसं बरोबर लागत होतं!

परीक्षक देवळालीचे, तोफखान्यातून निवृत्त झालेले काका. डोळे पुसत उठले. "बाकीच्यांनी भाषण केलं, या पोरीनं प्रात्यक्षिक दाखवलं. सरावातलं पाडायचं आणि खरं आलेलं सोडून द्यायचं, हाच तर तिचा मुद्दा." पहिला नंबर! मी म्हटलं ना, काका, ते मुद्दाम नव्हतं... पण ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

आता जिल्ह्याची फेरी. सरांनी माझी चूक भाषणातच लिहून टाकलीय, 'येथे गोंधळावे' म्हणून. हर्षलनं 'मी कधी म्हणलो' पाठ केलंय. रोज शाळा सुटली की चुकायचा सराव. आणि काल काय झालं, त्याच्या त्या प्रश्नाला मला खरंखुरं उत्तर सुचलं. आधी अवघड चाचणी कोणती घेणार ते सांगा, मग तिच्यापुरता पैसा मागा, असं खणखणीत बोलूनही टाकलं मी. मी सरांकडे बघितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "तेजस्विनी, चुकतेयस. परत घे."